घरचं विचारणारा

मी एक संदेश. कोणी कोणाला बसून लिहिलेला नव्हे. एकदाच लिहिलेला, आणि नावं बदलत शेकडो जणांकडे आपोआप जाणारा. नोकरी-धंद्यातली माणसं ज्या नेटवर्कवर एकमेकांशी जोडलेली असतात, तिथून तुमच्या फोनवर टिंग करून येतो तो मीच. माझ्यावर तुमचं नाव असतं, म्हणून तुम्हाला वाटतं, मी तुमच्यासाठीच निघालो. सांगताना मान वर होत नाही, पण तसं काही नसतं.

यवतमाळच्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात अनघानं मला घडवलं; माझ्याखाली नावही तिचंच असायचं. तिचे मालक इंद्रजीत कापसातला ओलावा मोजायचं यंत्र विकतात. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांना गाठायचं, गोड बोलायचं आणि फोनवर बोलायची वेळ ठरवून द्यायची, हे माझं काम.

मला भाऊ होते. अनघा आम्हाला दोघादोघांना सोडायची. निम्म्यांकडे एक, निम्म्यांकडे दुसरा. ज्याला उत्तरं जास्त, तो राहायचा. एक भाऊ नुसता ओलाव्याच्या टक्क्यांचं बोलायचा. सोमवारी सुटला, शनिवारी पुसला गेला. माझंही काही खरं नव्हतं. तेव्हा अनघानं माझ्या सुरुवातीला एक ओळ घातली: ‘नमस्कार, घरी सगळे बरे ना?’

ही ओळ तिला कुठे शोधावी लागली नाही. आपल्याकडे दुकानात खिळे घ्यायला गेलं तरी आधी घरचं विचारतात, आणि विचारलं की सांगावंच लागतं. लोक मला सांगू लागले. आई आता काठीशिवाय चालते. पोराला नोकरी लागली. इंद्रजीत खूश झाले.

‘ही तं जादूच झाली, मॅडम! आता कोणी मोठं उत्तर दिलं की गिऱ्हाईक पक्कं समजा. पुढचा मेसेज आपोआप जाऊ द्या.’

अनघानं तशी सोय करून ठेवली. मी फुगलो. खरंच सांगतो, मला वाटू लागलं होतं की मला लोकांची काळजी आहे.

मग मी वामनरावांकडे गेलो. बोरी अरबजवळच्या एका जिनिंगचे ते मॅनेजर. नेटवर्कवरचं त्यांचं खातं पुण्याला असलेल्या मुलीनं उघडून दिलेलं. त्यावर त्यांना कोणी काही लिहीत नसे. त्यांनी दुपारभर थांबत थांबत उत्तर लिहिलं.

‘घरी बरं नाही. पोळ्याच्या आधी रजनी वारली. तुरीच्या डाळीत ती काय टाकत होती, ते विचारायचं राहून गेलं. रोज करून पाहतो, तशी होत नाही. तुम्ही आठवणीनं विचारलं, बरं वाटलं.’

उत्तर मोठं होतं. ठरल्याप्रमाणे माझ्या तोंडून लगेच गेलं: ‘वा, वाचून आनंद झाला! मग उद्या सकाळी अकराला फोनवर बोलू या?’

वामनरावांनी लिहिलं, ‘बोलू.’

दुसऱ्या दिवशी इंद्रजीतनी ते उत्तर भिंतीवरच्या पडद्यावर लावलं. ‘पाहा, माणूस कसा मोकळा झाला. असं उत्तर पाहिजे.’ अनघानं ते तिथे पहिल्यांदा वाचलं.

‘सर, त्यांची बायको वारली आहे.’

‘हो ना, वाईटच झालं. पण बोलायले तयार आहेत ना? ती ओळ आपोआप जाते, असलं काही काढू नका. यंत्राचं बोला.’

अकराला अनघानं फोन लावला.

‘बोला ताई. तुम्ही रजनीच्या माहेरच्या का, कळंबच्या? अनघा म्हणजे कोणाची, कालपासून आठवून राह्यलो.’

‘नाही, काका.’

‘मंग जिनिंगवर आल्या असान कधी. बाकी लोकं तेरवीपर्यंत घरचं इचारतात, मंग भाव इचारतात. ते आनंद झाला म्हणून आलं, ते घाईत लिहिलं असन तुम्ही. म्या मनावर नाही घेतलं.’

काचेपलीकडून इंद्रजीत हातानं ‘यंत्राचं बोला’ अशी खूण करत होते.

‘काका, मी विचारलंच नव्हतं,’ अनघा म्हणाली. ‘ती ओळ सगळ्यांना जाते. मशीन पाठवते. आनंद झाला, तेही मशीननंच पाठवलं. तुमचं उत्तर मी आज सकाळी वाचलं.’



‘सगळ्याइले?’

‘हो.’

‘असं.’ ते हसल्यासारखे झाले. ‘आन् मी येडा, दुपारभर लिहीत बसलो. ताई, एक करान का? ते पुसून टाका. कोणी वाचलं तं हसन.’

‘कोणी हसणार नाही, काका. माझं चुकलं.’

‘नाही, पुसाच. घरचं होतं ते.’

आणि त्यांनी फोन ठेवला. शरम मला वाटायला हवी होती, ती त्यांना वाटली. माझ्या हातून याहून वाईट काही झालेलं नाही.

अनघानं आधी ते उत्तर पडद्यावरून काढलं, मग कायमचं पुसलं. मग माझी ती ओळही पुसली. इंद्रजीत म्हणत राहिले, ‘चालतं काम कायले मोडता, मॅडम?’

‘परत घालायची असेल तर तुम्ही घाला, सर. माझ्या नावानं जाणार नाही.’

आता मी नुसतं ओलाव्याचं बोलतो. उत्तरं फारशी येत नाहीत. मीही लवकरच पुसला जाईन. ऑफिसात एक नवा भाऊ तयार होतोय. तो इंद्रजीतच्या नावानं जाणार आहे, आणि त्याला ती ओळ दिली आहे.

तो तुमच्याकडे येईल. वर तुमचंच नाव असेल, बोलणं गोड असेल. त्याला कामाचं काय ते सांगा. घरचं मात्र सांगू नका. ते ऐकायला आमच्याकडे कोणी बसलेलं नसतं.