टॉवेलाखालचा हात

पितळी तांब्या हावगेप्पाच्या कपाळावर बसला, ठण्ण वाजला आणि गरगरत शेळ्यांच्या गव्हाणीखाली गेला. म्हातारा भिंतीला धरून हळूहळू खाली बसला. भुवईतून निघालेलं रक्त नाकावरून धोतरावर ठिबकायला लागलं, तरी मुठीत नातवाचा मोबाईल घट्ट होता. मोबाईलमधून गोळ्यांचा तडतडाट चालूच होता.

"दे म्हणलं की न्हाई! माझी टीम मरायलीय तिकडं!"

सिद्धराम ओरडला, आणि रक्त दिसताच मागं सरला. सोळा वर्षांचं पोरगं, नुकती मिसरूड फुटलेलं. आपला उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसं त्याच्याकडे बघत उभं राहिलं.

म्हाताऱ्याला पाच टाके पडले. त्या दिवसापासून घर पोराला भ्यायला लागलं. तसं कुणी बोललं नाही, पण आई रेणुकाबाईनं विळी आणि कोयता धान्याच्या कोठीमागं लपवला. पोरगं जेवायला बसलं की ती उगाच दाराजवळ उभी राही. ते जेवतही नव्हतं म्हणा. भाकरीचे तुकडे करायचं आणि तसंच उठायचं. हाताची बोटं रिकामी असली तरी हलत राहायची.

बसवकल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्याशी तासभर एकट्याशी बोलून मग बापाला आत बोलावलं.

"मोबाईल हिसकावू नका. सोडायचं म्हणतोय, त्याचं त्याला सोडू द्या. थोडे दिवस चिडचिड करील, झोप उडेल. त्याच्याशी बोलत जा. आणि हे बघा, मारू नका."

मायाप्पानं मान डोलावली. बाहेर आल्यावर रेणुकाबाईला म्हणाला, "मारू नका म्हणे! आमी काय लाडूपेढे खाऊन मोठे झालाव का?" पण आठ दिवस त्यानं हात आवरला. त्याच्या मानानं हे लईच झालं.

मायाप्पा शेळ्यामेंढ्यांचा दलाल. हुलसूरच्या बाजारात त्याच्या शब्दाला वजन होतं. खेड्यातल्या शेतकऱ्याशी कन्नड, उमरग्याच्या गिऱ्हाइकाशी मराठी, खाटकाशी दखनी. एका दमात तीन भाषा फिरवायचा. सौद्याला मात्र भाषा लागत नसे. खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर पसरायचा आणि त्याखाली बोटं धरून भाव बोलायचा. एकदा हात टॉवेलाखाली गेला की सौदा जुळेपर्यंत किंवा मोडेपर्यंत उठायचं नाही, ही बापानं घालून दिलेली रीत. हावगेप्पानं उभा जन्म ती पाळली, आता मायाप्पा पाळत होता. घरी मात्र सगळं मराठी. चप्पल सोडावी तशी कन्नड तो उंबऱ्याबाहेर सोडून यायचा.

नवव्या दिवशी दुपारी तो बकऱ्यांना पाला टाकायला मागच्या अंगाला गेला. कुडाच्या पलीकडं सिद्धराम फोनवर बोलत होता, दबक्या आवाजात.

"नाळे अज्जन्न मार्तीनि. मुगीतु."

मायाप्पाच्या हातातला पाला गळाला. उद्या अज्जाला मारतो, मग संपलं. आपलंच पोरगं बोलायलंय हे, सख्ख्या आज्याबद्दल! डोळ्यापुढं तांब्या आला, ते रक्त आलं, कोठीमागचा कोयता आला. पुढचं त्याला काही ऐकू आलं नाही. कुडाची एक काठी उपसून तो आत शिरला.

पहिला फटका पाठीत बसला. दुसरा मांडीवर. मोबाईल उडून दगडी डोणीवर आपटला, तर मायाप्पानं तिथला पाट्याचा तुकडा उचलून त्याचा चुरा केला आणि परत काठी घेतली.

"अज्जाला मारतोस? आँ? अज्जाला मारतोस?"

सिद्धराम पळाला नाही. गुडघ्यावर बसून त्यानं दोन्ही हात पुढं केले.

"मारा, अप्पा. हेच हात हाईत. मोडा त्यांना!"

मायाप्पाला वाटलं, पोरगं आव्हान द्यायलंय. काठी उजव्या हातावर आली. वाळली काटकी मोडावी तसा आवाज झाला. पोरगं कळवळून आडवं झालं. तोंडात माती, ओठ फाटलेला. चौथा फटका पडायच्या आत हावगेप्पा कपाळाच्या पट्टीसकट त्याच्यावर पालथा पडला. काठी म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसली.

"मार मला! मार, भाड्या! जीव जायलाय की त्याचा!"

रेणुकाबाईनं काठी धरली तेव्हा कुठं मायाप्पा भानावर आला. शेळ्या दोर ताणून भिंतीला चिकटल्या होत्या.

पोराची दोन बोटं मोडली होती. दवाखान्यात काय झालं विचारलं, तर सिद्धरामनं "पडलो" सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रेणुकाबाईच्या फोनवर त्याच्या गेममधल्या सोबत्याचा, कलबुर्गीकडच्या चन्नवीरचा फोन आला. ती माहेरची उमरग्याची. कन्नड तिला अर्धं कळे आणि उरलेलं ती भीतीनं भरून काढी. फोन ठेवून ती धावत मायाप्पाकडं आली.

"ते पोरगं इचारायलंय, अज्जन्न मारिदनेनु म्हणून. मारलं का, असं! अवो, सगळी मिळून ठरवलेत की हे."

मायाप्पाचं मन त्यावर आणखी घट्ट झालं. आपण केलं ते बरोबरच केलं. एका म्हाताऱ्याचा जीव वाचवला.

त्यानंतरच्या बाजारात खटकचिंचोळीचा बसवंतप्पा एक काळा बोकड घेऊन त्याच्यापुढं बसला. मायाप्पानं टॉवेल पसरला, खाली हात घातला. बसवंतप्पानं त्याची दोन बोटं धरून दाबली. मायाप्पाला नको ते आठवलं. ते झटकायला तो नेहमीचं बोलला,

"होतन्न मार्तीरेनु, सावकार?"

बोकड विकणार का? रोज पन्नास वेळा तोंडात येणारा प्रश्न.

"मार्तीनि," बसवंतप्पा म्हणाला. विकतो.

कुडापलीकडनं ऐकलेला शब्दही हाच होता. मायाप्पानं परत विचारलं,

"एन अंद्री?" काय म्हणालात?

"मार्तीनि. मारलिक्केच तर आणलाय." विकायलाच. बसवंतप्पा हसला. "कानात बोळे घालून आलायस का, दलाल?"

टॉवेलाखालून हात काढून मायाप्पा उठला. सौदा जुळला नव्हता, मोडलाही नव्हता. तीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. आजूबाजूचे दलाल बघतच राहिले.

घरी सिद्धराम बाजेवर बसला होता. हावगेप्पा दुधात भाकरी कुस्करून त्याला भरवत होता, कारण पोराचा उजवा हात प्लास्टरात. मायाप्पा समोर जमिनीवर बसला.

"अज्जा कोण रे?"

"हे काय बसलेत."

"ह्ये न्हवं. चन्नवीर इचारायलाय त्यो."

सिद्धरामनं घास गिळला. "माझी आयडी. गेममधलं नाव. मी झुडपाआड लई येळ बसतो, अज्जा लांडग्याला टपून बसायचे तसं. मग पोरांनी अज्जाच नाव पाडलं."

"आन ती इकायलास?"

"चन्नवीरचा मावसभाऊ घेणार होता. इकली की त्यो पासवर्ड बदलतो. मग मला शिरताच येत न्हाई. सोडायचं म्हणलं तरी सुटायलं नव्हतं, म्हणून."

हावगेप्पाचा हात वाटीत थांबला.

"मग तवाच कामून बोलला न्हाईस?" मायाप्पाचा आवाज फाटला. "मी मारायलो तवा कामून बोलला न्हाईस रे?"

"तुमी म्हणलाव, अज्जाला मारतोस." पोरगं खाली बघून बोललं. "मला वाटलं, त्या तांब्यापायी मारायलाव."

मायाप्पाला रडू आलं. बाजारातल्या माणसाला रडायचं कसं तेही धड येत नाही. तो नुसता नाक ओढत राहिला. मग खांद्यावरचा टॉवेल घ्यायला त्यानं हात वर केला, तर सिद्धरामनं झटक्यात प्लास्टरचा हात डोक्यावर घेतला आणि अंग आक्रसून भिंतीकडं सरकला. वाटी सांडली.

मायाप्पाचा हात तिथंच थांबला. सावकाश त्यानं टॉवेल काढला, बाजेच्या कडेवर पसरला आणि त्याखाली आपला हात ठेवला, तळवा वर करून.

सिद्धराम टॉवेलाकडं बघत होता. त्याचा डावा हात मांडीखाली दाबलेला होता, तो हलला नाही. सांडलेलं दूध बाजेच्या सुंभातून खाली गळून संपलं. एक शेळी येऊन ते चाटून गेली. शेवटी मायाप्पानं तोंड पुसलं आणि उठायला गुडघ्यावर जोर दिला.

"ऊठू नकोस," हावगेप्पा म्हणाला. "हात घातलायस न्हवं?"

मायाप्पा परत खाली बसला. टॉवेलाखालचा हात त्यानं काढला नाही.