डाव्या हातांचा तास

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भारी चौकस आहे. धंदाच माझा डोकावण्याचा! लोकांना वाटतं, तेच माझ्यातून खाली बघतात. अहो, मीही वर त्यांच्याकडे बघत असतो.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी पाय, पितळी नळी आणि तळाशी उजेड पकडायला चिमुकला आरसा. लाकडी पेटीत भुसा भरून मला बल्गेरियातल्या रोडोपी डोंगरावरच्या या शाळेत आणलं, तेव्हा वेनेता बाई नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. सहावीला त्या निसर्गविज्ञान शिकवायच्या. मुलं माझ्यापुढे रांग लावायची. एकेक डोळा यायचा. काळा, घारा, कधी रडून लाल झालेला.

"दिसलं?" बाई विचारायच्या.

"दिसलं, बाई!"

"मग चल, पुढे सरक."

खरं सांगू? निम्म्यांना स्वतःच्या पापण्यांखेरीज काही दिसत नसे. पण मागचा ढोसत असायचा आणि 'नाही दिसलं' म्हणायची लाज वाटायची. हे बाईंना कळतं की नाही, याचं मला मोठं कुतूहल होतं.

पुढे वर्गात मोठाले पडदे आले, संगणक आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथे धुळीखेरीज बघायला काही नाही. मी अगदी कंटाळून गेलो. मग एकदा मुख्याध्यापक बोगोमिल सरांनी माझ्यावर बसवायचा एक छोटा कॅमेरा आणला. बाईंनी तो खोक्यासकट माझ्या शेजारी ठेवून दिला. "नसती थेरं!" म्हणाल्या. पण त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा. बाई चक्क घाबरल्या होत्या.

गणिताच्या स्तोयांका बाई सारख्या टोमणे मारायच्या. "अगं वेनेता, तो कॅमेरा काय उबवायला ठेवलायस?"

"तुझं काय जातंय गं? मुलांसमोर बंद पडला तर शोभा माझी होईल."

"होऊ दे की! आमची रोज होते."

शेवटी वेनेता बाईंनी वरिष्ठ शिक्षिकेच्या पदासाठी अर्ज केला. वर्षानुवर्षं त्या हे टाळत आल्या होत्या. त्या पदासाठी एक खुला तास घ्यावा लागतो. तपासनीस आणि सगळे शिक्षक मागच्या बाकांवर बसून तो बघतात, आणि वर नवं तंत्रही वापरलेलं दिसावं लागतं. बाई गुपचूप शनिवारच्या प्रशिक्षणाला जाऊ लागल्या. परत आल्या की कॅमेरा माझ्यावर बसवायच्या, वायर जोडायच्या, आणि पडद्यावर मिट्ट काळोख! "दिस की रे मेल्या!" असं मलाच ओरडायच्या. मी काय करणार? कॅमेऱ्याचं झाकण काढायचं त्याच विसरलेल्या असायच्या.

पण एके दिवशी जमलं. पाण्याच्या थेंबातली सपात पडद्यावर पोहू लागली. पॅरामिशियम या इवल्याशा जिवाला आमच्याकडे सपात, म्हणजे चप्पल म्हणतात, दिसतोच तसा. रिकाम्या वर्गात बाईंनी एकटीनेच टाळी वाजवली. "अगं बाई! हा असा गिरकी घेत जातो होय?" म्हणाल्या. इतकी वर्षं त्याचं फळ्यावर चित्र काढत आल्या, पण असा निवांत कधी बघितलाच नव्हता.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. खुल्या तासाची आधी तालीम होते. प्रश्न ठरलेले, उत्तरं घोकलेली. बाईंनी मुलांना बजावलं, "हात सगळ्यांनीच वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. मी उजव्यांनाच विचारीन. कळलं?" मुलं खूश. मला मात्र तो प्रकार मुळीच रुचला नाही. सगळं आधीच ठाऊक असेल तर बघायचं कशाला?

तो दिवस उजाडला. शिक्षकांच्या खोलीतून पाहुण्यांसाठी भाजलेल्या बानित्साचा, चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पावाचा, खमंग वास येत होता. तपासनीस बाई कोट न काढताच मागे येऊन बसल्या. शेजारी आपल्या झुबकेदार मिशा सावरत बोगोमिल सर. वेनेता बाईंनी घाईघाईत ड्रॉपर पाण्याच्या बरणीत बुडवला, तो पार तळाशी, गाळात गेला. थेंब काचपट्टीवर ठेवला, पट्टी माझ्यात सरकवली आणि पडद्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "हे काय आहे, कोण सांगेल?"

नेदको उभा राहून धडाधड म्हणाला, "ही सपात. एकपेशीय. चपलेच्या आकाराची." मग त्याने पडद्याकडे बघितलं. "बाई... पण हिला मिशा आहेत!"

"बोगोमिल सरांसारख्या!" रालित्सा ओरडली. वर्गात हशा पिकला. सरांचा हात आपसूक मिशांवर गेला.

बाई वळल्या. पडद्यावर भलताच प्राणी तुरुतुरु फिरत होता. "कोणाला माहीत आहे, हे काय आहे ते?" त्यांनी कसंबसं विचारलं.

सगळ्या वर्गाचे हात वर गेले. सगळे डावे!

तपासनीस बाईंचं पेन थांबलं. स्तोयांका बाईंनी कपाळाला हात लावला. वेनेता बाईंची बोटं माझ्या स्क्रूवर होती, गार पडलेली. पट्टी जराशी सरकवली असती तर एखादी सपात नक्की सापडली असती. तास सुरळीत पार पडला असता आणि पदही मिळालं असतं. माझा जीव टांगणीला लागला. बाईंनी स्क्रूवरची बोटं काढली आणि स्वतःचा डावा हात वर केला.

"मलाही नाही माहीत," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं शिकवतेय, पण हा पठ्ठ्या कधी पाहिला नव्हता. या बरं सगळे पुढे, बघू या कोण आहे ते."

मग काय विचारता! मुलं बाकं सोडून धावली. "शेपूट दुभंगलेली आहे!" "अंगावर खवले आहेत!" "बाई, पोटात ते गोल काय आहे?" सगळ्यांना एकदम दिसत होतं, आणि ज्याला दिसत नव्हतं तो बेधडक "कुठे? कुठे?" म्हणत होता. माझं आयुष्य सार्थकी लागलं.

तपासनीस बाई उठून पुढे आल्या. "वेनेता बाई, आखलेला धडा बाजूलाच राहिला. मला तसं लिहावं लागेल."

बाईंचा चेहरा उतरला, खोटं कशाला सांगू? पण त्या म्हणाल्या, "लिहा, बाई. फक्त जरा बाजूला व्हा. मुलांना पडदा दिसत नाहीये."

तपासनीस बाई बाजूला झाल्या. थोड्या वेळाने त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि हळूच विचारलं, "काय हो, ते पोटातलं गोल म्हणजे अंडं असेल का?"

पद त्या वर्षी मिळालं नाही. माझी काच पुसता पुसता बाई रडल्यासुद्धा. पुढच्या वर्षी मिळालं, तेही तालमीशिवाय घेतलेल्या तासावर. त्या प्राण्याचं नाव गॅस्ट्रोट्रिक, हे मुलांनीच शोधून काढलं. पण ते नाव घेतो कोण? सगळे त्याला 'मुख्याध्यापक' म्हणतात, आणि बोगोमिल सर मधूनमधून त्याची खुशाली बघायला येतात.

मित्रांनो, माझी निगा सोपी आहे. भिंगाला बोट लावू नका, मऊ फडक्याने पुसा, काम झालं की झाकून ठेवा. पण तुमच्या बाईंची निगा कशी राखायची, ठाऊक आहे? त्यांना न येणारा प्रश्न खुशाल विचारा. आणि त्या उत्तर शोधायला बसल्या की पळून जाऊ नका, शेजारी बसून राहा.