दरीकाठचं गिऱ्हाईक

लोक लांबलांबून ही दरी बघायला येतात आणि कठड्याशी पोचले की तिच्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढतात. टेलरबाईंनी मात्र आधी चहाचं आधण ठेवलं. दरी कुठे पळून जात नव्हती, आणि चार तास गाडी चालवल्यावर नवऱ्याला चहा मिळाला नाही तर तो माणसात राहत नसे.

गाडी म्हणजेच त्यांचं घर होतं. दोन वर्षांपूर्वी नवरा बस चालवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाला, तेव्हा दोघांनी राहतं घर मुलाला देऊन टाकलं आणि एका जुन्या लांबुडक्या गाडीत संसार थाटला. "पस्तीस वर्षं लोकांना फिरवलं, आता तुला फिरवतो," असं नवरा म्हणाला होता. बाईंनी दुकान बंद केलं. शिलाई मशीन खिडकीखाली बसवलं, पडदे शिवले, गाद्यांचे अभ्रे शिवले. म्हातारपणी हे काय भिकेचे डोहाळे, असं सख्खी ताई म्हणाली. बाईंनी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. जन्मभर दुसऱ्यांच्या मापानं शिवलेल्या बाईला पहिल्यांदाच स्वतःच्या मापाचं घर मिळालं होतं.

चमच्यांच्या खणाला तेवढी खोड होती. वळण आलं की तो उघडायचा आणि चमचे गाडीभर नाचायचे. म्हणून बाईंनी आतून एक खटका बसवला. खण खालून गुडघ्यानं उचलायचा, जरा डावीकडे सरकवायचा, मग ओढायचा. नुसता ओढला तर बापजन्मात उघडायचा नाही. मुलगा एकदा अर्धा तास झटला आणि शेवटी हात टेकले त्यानं.

आधणाला उकळी फुटली तेवढ्यात नवरा दारात आला. मागे एक तरुण जोडपं होतं.

"यांना गाडी बघायचीय," तो म्हणाला आणि शेगडीकडेच बघत राहिला.

बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रत्येक थांब्यावर कुणी ना कुणी आत डोकवायचंच. "या की. दाटीवाटीनं बसा, चहा होतोच आहे."

"मी मदत करते, काकू," म्हणत ती मुलगी पुढे आली. साखर ढवळायला चमचा हवा होता. खणाची गंमत सांगायला बाई तोंड उघडणार, तोच मुलीनं गुडघा लावला, खण उचलला, डावीकडे सरकवला आणि चमचा काढून त्यांच्या हातात दिला.

बाई चमच्याकडे बघतच राहिल्या.

"हे कुणी शिकवलं गं तुला?"

"काकांनीच. मागच्या महिन्यात आम्ही बघायला आलो होतो ना, तुम्ही ताईंकडे गेला होतात तेव्हा." मुलगी हसली. "खरं सांगू? तुमचे पडदे बघूनच मी गाडी घ्यायला हो म्हटलं. ते ठेवाल ना आमच्यासाठी?"

मग तिनं बाईंचा चेहरा पाहिला. आधी बाईंकडे, नंतर काकांकडे बघत ती हळूच म्हणाली, "काकूंना माहीत नाही?" ती नवऱ्याचा हात धरून बाहेर गेली. बिचारीची काय चूक?

बाईंनी शेगडी बंद केली.

"गुडघे गेलेत माझे," नवरा म्हणाला. "क्लच दाबताना जीव जातो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू नको म्हणाली असतीस."

"अहो, म्हणून तर विचारायचं असतं!"

"मुलगाच म्हणाला, आधी आईला दरी दाखवा, ती खुशीत असली की सांगा. ताईंनाही तेच बरं वाटलं."

म्हणजे ताईनं त्या दिवशी हट्टानं बोलावलं, संध्याकाळपर्यंत उठू दिलं नाही, ते यासाठी. बाईंना तिचं ते लाडीगोडीचं "बस गं अजून जरा" आठवलं आणि अंगाचा तिळपापड झाला. परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. इथे नवरा, मुलगा आणि सख्खी बहीण, तिघांनी मिळून केसानं गळा कापला होता.

"बकऱ्याला कापायच्या आधी चारा घालतात, तशी आणलीत मला इथे," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, फुटला.

बाहेर कठड्यापाशी लोक ओरडून दरीतून येणारा प्रतिध्वनी ऐकत होते. नवऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी काढून बाजूला केला.

"असं करू नकोस गं. लोक बघतायत. आपण घरी जाऊन शांतपणे बोलू."

"कुठल्या घरी?"

"मुलाच्या," तो बोलून गेला, आणि मग त्यानं मान खाली घातली.