भरिताचा मुहूर्त

पोरगी शिकली, धुळ्याला वनखात्यात नोकरीला लागली आणि पहिला घाव तिने माझ्याच भरितावर घातला.

वारा किती, हवा किती कोरडी, गवत किती वाळलंय हे बघायचं आणि उद्या डोंगराला आग लागण्याचा धोका किती ते गावोगाव मोबाइलवर कळवायचं, हे कामिनीचं काम. हिरवा, पिवळा, लाल. आमच्या गावाला मध्यंतरी दोनदा लाल आला आणि साधा पालाही पेटला नाही. टपरीवर लोक मला विचारायचे, "सुपडूभाऊ, आज चहा उकळू का तसाच पिऊ?"

तेही मी सोसलं. पण माझ्या पोराची, जितेंद्रची सोयरीक जमली. साक्रीचे व्याही आधार नाना पहिल्यांदाच आमच्या शेतात भरीत खायला येणार, आणि आदल्या संध्याकाळी घरी आलेली ही म्हणते, "आबा, उद्या लाल शे. शेतमा जाळ करू नका."

माझं डोकंच फिरलं. व्याह्याला गॅसवरचं भरीत घालू? भरिताची वांगी भाजायची ती पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर, बांधाशेजारी, काळीठिक्कर होईस्तोवर!

"आनि बांधना पलीकडे काय शे?" कामिनीने विचारलं.

पलीकडे डोंगर. त्यावर कापायचं राहिलेलं गवत, अख्ख्या गावाच्या गुरांचा उन्हाळ्याचा चारा. मला काय ठाऊक नव्हतं? पण तिच्यापुढे कबूल कोण करतो!

"ऊन चढनं का वारा सुटी," ती म्हणाली. "पहाटे हवा ओलसर ऱ्हास. उजाडताच भाजा, राख विझाडा, मंग बठ्ठा दिवस गप्पा मारा."

व्याह्याला उजाडताच जेवायला बोलवायचं! लाजत लाजत फोन लावला. नाना खूशच झाले. म्हणाले, "मी पहाटेच उठस. उजाडताच येस!"

भरीत फक्कड झालं. नानांनी तीनदा मागून घेतलं. कामिनीने राखेवर दोन बादल्या ओतल्या, वर काठीने ढवळून पाहिलं. मी तिकडे बघितलंच नाही.

ती भांडी घेऊन घरी गेली. गप्पांत दुपार झाली आणि नानांना पुन्हा भूक लागली. "भाऊ, आखो एकदा होऊ द्या. वांगा शेतस, काड्या शेतस."

व्याह्याला नाही कसं म्हणायचं? मी काडेपेटी काढली. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि नानांची टोपी उडाली ती थेट डोंगराकडे. पुढे नाना, मागे मी. पायाखाली गवत पापडासारखं मोडत होतं. टोपी सापडली तेव्हा कुसळांनी भरलेली होती. मी वळून जाळाच्या जागेकडे पाहिलं. ठिणगीही ह्याच वाटेने आली असती.

काडेपेटी खिशात घातली. "नाना, आज नही. आज लाल दिवस शे."

बांधावर घरून परतलेली कामिनी उभी होती, हातात पाण्याची कळशी. सगळं ऐकलं, पण हसली नाही. पोरगी शहाणी आहे माझी.

नानांचं तोंड एवढंसं झालं. "मंग कव्हय?"

"कामिनीले इचारीसन सांगस," मी म्हणालो.