दादूचं पीस आणि वाणगावची मांजरं

दादू तांडेलाने काढलेलं पहिलं पीस आमच्या गावातल्या मांजरांनी चाटून खाल्लं. खोटं वाटत असेल तर मांजरांना विचारा. मला काय विचारता, मी खऱ्याशिवाय कधी बोललोय का?

झालं असं, की तारापूरच्या किनाऱ्यावर दादूची नवी होडी बांधायला घेतली आणि शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या, मंजुळाच्या अंबाड्यात आभाळातून कुरवाचं पांढरं पीस येऊन पडलं. कुरव म्हणजे दर्यावरचा पक्षी, वादळातही घर न चुकणारा. मंजुळाने तिथल्या तिथे नवस बोलून टाकला: होडीच्या तोंडाशी दोन्ही अंगांना हे पीस रंगवू, तेही नवऱ्याच्या हाताने. तोवर होडी पाण्याला लागणार नाही.

आणि नवरा कोण? तर ज्याने शाळेची पाटी फक्त उन्हात डोक्यावर धरण्यासाठी वापरली तो.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली. साऱ्यांच्या होड्या सजल्या, दादूची कोरडीच. शेवटी त्याने बोईसरहून रामकिसनला आणलं. हा तिथे कारखान्यांच्या पाट्या रंगवायचा.

"पहले बीच की डंडी," रामकिसन म्हणाला, "फिर दोनों तरफ लकीर. बस."

सरावाला रंग कशाला नासायचा म्हणून दादूने तांदळाचं पीठ कालवलं, तेही मासळीच्या हातांनी. घराच्या भिंतीवर डंडी ओढली, रेघा मारल्या आणि मागे सरकून पाहिलं.

"दादू, ये तो बांगडा है," रामकिसन म्हणाला. "खाया हुआ."

"जल्मभर काटंच बगितलं. हाताला दुसरं काय ठावं?"

सकाळी भिंत लख्ख. दादू पुन्हा काढायचा, मांजरं पुन्हा चाटायची. गोष्ट पसरली. वाणगावची मांजरं गाडीने बोईसरला उतरून पुढे चालत यायला लागली. मी स्वतः दोघांना रस्ता दाखवलाय.

दादूला वाटलं, दोष पिठाचा. त्याने सरळ तेलरंग घेतला आणि होडीच्या डाव्या अंगाला पीस काढलं. काटाच झाला, शेपटासकट.

मंजुळा बोंबील वाळत घालत होती. ती आली, बघत राहिली, मग अंबाड्यातलं पीस काढून तिने दादूच्या हातात दिलं.

"डोळं मिटा. आता ह्याला फाडा."

दादूने कडेला बोट घालून पीस फाकवलं.

"आता खालून वर हात फिरवा. फट लागते?"

"नाय. मिटली."

"मग तुमी फटी काढता कशाला?"

दादूने डोळे उघडले. पीस उन्हात धरून बराच वेळ बघितलं. "अगं, हे तर जाळं हाय," तो म्हणाला. "फाटतं आनि परत इनलं जातं."

जाळं विणणं त्याच्या रोजच्या हातचं. उजव्या अंगाला तो जाळं विणल्यासारखा बसला. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेला टेकवत, डंडीकडून टोकाकडे झुकवत. एका जागी मुद्दाम चीर ठेवली, जशी खऱ्याला बोट घातल्यावर पडली होती. रामकिसन बिडी विझवून उभा राहिला.

मग दादू डाव्या अंगाकडे वळला. काट्याच्या फटी भरत भरत पीस तयार झालं, आणि शेपटापाशी रंगाचा डबा संपला. किनाऱ्यावर बाकीच्या होड्या ढकलायला सुरुवात झाली होती. पीस, आणि खाली माशाचं शेपूट.

"नवस मोडला," दादू म्हणाला.

मंजुळाने शेपटाला कुंकू लावलं. "पीस हाय ना? मग खाली काय हाय त्याची देवाला काय पडलीय? लावा खांदा."

होडी पाण्यात गेली. त्या वर्षी दाट धुक्यातही ती एकदाही घर चुकली नाही, आणि रिकामी एकदाही आली नाही. आजही ती किनाऱ्याला लागली की उजव्या अंगाला कुरव बसतात, डाव्या अंगाला मांजरं. मी मधे बसतो, म्हणून दोन्हीकडचं मला नीट दिसतं.