दोन शेड फिक्का

थोरल्या जावेने हाक मारली ती साखर घोळून. एरवी तोंड उघडलं की टोमणाच बाहेर पडायचा, म्हणून हा गोड आवाज ऐकला आणि धाकटीने ओळखलं, बाईंचं काहीतरी अडलंय.

अडलं होतं केसांचं. वर्षानुवर्षं घरच्या घरी काळा रंग थापून थोरलीचं डोकं पॉलिश मारलेल्या बुटासारखं झालं होतं, आणि उद्यापासून तिला पार्लरच्या काउंटरवर बसायचं होतं. मालकीणबाईंनी सरळच सांगितलं होतं, हे काळं काढून छान तपकिरी करून या, नाहीतर येऊच नका. दारातच असं डोकं दिसलं तर गिऱ्हाईक आत कशाला येईल?

आणि पार्लर तरी कुठलं? धाकटीने लग्नाआधीपासून जिथे कात्री चालवली, तेच. गेल्या हिवाळ्यात ती टायफॉइडने अंथरुणाला खिळली, तेव्हा थोडे दिवस रजा हवी, एवढाच निरोप तिने थोरलीबरोबर पाठवला होता. थोरलीने तिथे जाऊन सांगितलं, ती आता येणार नाही, घरीच बसायचं म्हणते. धाकटी उठून पार्लरमध्ये पोचेपर्यंत तिच्या खुर्चीमागे दुसरीच मुलगी उभी होती. घरी जाब विचारला तर थोरली म्हणाली, "तापात काय बरळलीस, तुझं तुला तरी आठवतंय का?" सासूबाईंनी मान डोलावली आणि विषय मिटला. धाकटीच्या मनात मात्र तो मिटला नव्हता.

"तुझ्या हाताला गुण आहे गं," थोरली म्हणाली.

"करते की वहिनी," धाकटी म्हणाली.

रंग काढायचं औषध तिने केसांच्या बटेबटेला लावलं आणि बाथरूममध्ये असा वास सुटला, की सासूबाई नाकाला पदर लावून दारात आल्या. "कुणी अंडी कुजवलीत गं?" थोरली बादलीवर वाकलेली, मान अवघडलेली, डोळ्यांत पाणी. धाकटीने पाण्यावर पाणी ओतलं. या औषधानंतर केस धुवावे तितके थोडेच, हे तिला ठाऊक होतं आणि तिने तसूभरही कसूर केली नाही. खुन्नस होती, पण वाईट काम करायला हात वळेना. वाळल्यावर केस विटकरी निघाले. थोरलीने आरशात बघून किंकाळीच फोडली.

"घाबरू नका, हे असंच दिसतं," धाकटी सासूबाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आता नवा रंग आणा. पण नीट ऐका. औषध मारलेले केस तहानलेले असतात, मिळेल तो रंग ढोसतात. हवा त्याच्यापेक्षा दोन शेड फिक्का घ्या. डार्क ब्राऊन आणलात तर पुन्हा काळ्याच व्हाल."

शब्द न् शब्द खरा होता. आणि इथेच धाकटीचं खरं काम सुरू झालं होतं. ती या घरात आल्यापासून थोरलीचा एक नेम होता, धाकटी जे सांगेल त्याच्या उलट करायचं. धाकटीने आमटीत मीठ कमी म्हटलं की हिला ती खारट लागायची. धाकटी म्हणाली छत्री न्या, की ही भिजून यायची, पण छत्री नेणार नाही. खोटं बोलायची गरजच नव्हती. खरं सांगितलं की पुरे होतं.

थोरलीने डोळे बारीक केले. डोक्याला रुमाल बांधून ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि डार्क ब्राऊन घेऊन आली. "फिक्का लावून मला गाजर करायला निघाली होतीस होय? एवढी खुळी नाही मी."

"निदान कानामागच्या एका बटेला लावून बघूया," धाकटी म्हणाली. हेही खरंच सांगितलं.

"काही नको. सगळ्या डोक्याला लाव."

"आई, तुम्ही ऐकताय ना?"

"ऐकतेय गं," सासूबाई म्हणाल्या. "लाव ती म्हणते तसं."

धाकटीने लावला. मुळापासून टोकापर्यंत, एकसारखा, निवांत. इतक्या आनंदाने तिने पार्लरमध्येही कधी कुणाचं डोकं रंगवलं नव्हतं.

धुऊन पुसून थोरली आरशासमोर उभी राहिली. केस काळेकुट्ट. सकाळी होते त्याहून काळे.

"पुन्हा काढ! आत्ताच्या आत्ता!"

"आता आणखी औषध लावलं तर केस हातात येतील. मी लावणार नाही."

थोरली मटकन खाली बसली. उद्याचं काउंटर गेलं, हे तिला कळलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली. "हिने मुद्दाम केलं, आई!"

"उगाच तिच्यावर ढकलू नकोस," सासूबाई डाफरल्या. "माझ्यासमोर तिने दोनदा सांगितलं. तिची यात काडीची चूक नाही."

धाकटी सुटली होती. या घरात तिचं म्हणणं खरं ठरलं, असं प्रथमच घडत होतं. तोंड मिटून राहिली असती तर जन्मभर साधीभोळी ठरली असती. पण ज्याच्यावर घाव घातला त्याला तो कुणी घातला हे कळूच नये, हे तिला सोसवेना. ती हातमोजे काढून थोरलीसमोर उकिडवी बसली.

"वहिनी बरोबर बोलतायत, आई. मी मुद्दामच केलं. माझं ऐकणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणूनच खरं ते सांगितलं."

थोरलीचं रडं थांबलं. धाकटी उठली आणि बादली धुवायला लागली.