रविवार सोडून रोज दुपारी

हे २०२३ सालच्या उन्हाळ्यातलं. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी फेब्रुवारीत आमच्या ह्यांना न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यातून घरी आणल्यावर चपलाही काढू न देता मी त्यांच्याकडून जोतिबाची शपथ घेतली होती की, पुन्हा कोल्ड स्टोरेजमध्ये पाय ठेवणार नाही.

आमचे हे म्हणजे कृष्णात. उमेदीची सगळी वर्षं माथाडी म्हणून फळांच्या पेट्या उचलल्या. आधी जुन्या मुंबईत आणि बाजार इकडे नवी मुंबईत आल्यावर तुर्भ्याला. आम्ही कोपरखैरण्यात राहायला आलो तेव्हा दिवेलागणीनंतर बेडकांशिवाय कुणाचा आवाज नसे. आता आमच्या बैठ्या घरावर दोन मजले चढलेत आणि समोरच्या जिममधली गाणी थेट आमच्या देवघरात ऐकू येतात. हे रिटायर झाले, पण बाजार सुटला नाही. दुपारी भाकरी बांधून घ्यायची आणि बसने तुर्भ्याला जायचं. तिथे त्यांचा जुना जोडीदार गंगाराम कोल्ड स्टोरेजच्या दारावर राखणीला असे. दोघं बाहेर झाडाखाली गप्पा मारतात, असं मला सांगितलं होतं.

त्या एप्रिलमध्ये आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर डॉक्टर संघमित्रा आली. तरुण, चटपटीत पोरगी. तिला संशोधनासाठी म्हातारी माणसं हवी होती.

"वय वाढलं की शरीराचं तापमान थोडं खाली येतं," ती म्हणाली, "आणि दिवसभरात त्याचा जो चढउतार असतो, तोही कमी होत जातो. अल्झायमर अगदी सुरुवातीला असताना त्यात काही वेगळं दिसतं का, ते आम्ही शोधतोय. अजून खात्रीने काही सांगता येत नाही."

"म्हंजे डोस्क्याचा आजार थर्मामीटरनं कळनार?" ह्यांनी विचारलं.

"कळला तर बरंच की, आजोबा."

"हिचा आधी बघा. हिला चाळीस वर्षांमागचं भांडान तोंडपाठ हाय, पन गॅस बंद केला का ते म्हाईत नसतं."

दोघांनीही नाव दिलं. दोघांच्या मनगटावर घड्याळासारखे, तापमान टिपणारे पट्टे आले. मध्ये एक दिवस आठवणीची परीक्षा झाली: शब्द ऐकायचे आणि थोड्या वेळाने परत सांगायचे.

दोन आठवड्यांनी तिने बोलावलं. मुलगा अंकुश रजा टाकून बरोबर आला. संघमित्राने कॉम्प्युटरवर दोन रेघा दाखवल्या. माझी रेघ शहाण्या सुनेसारखी, सकाळी हळूच वर आणि रात्री हळूच खाली. ह्यांची मात्र भर दुपारी विहिरीत बादली सोडावी तशी खाली जात होती.

"आजोबा, दुपारी तुम्ही कुठे असता?"

हे दचकले. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. "आठवत न्हाय."

"कालचंही नाही?"

"न्हाय."

"आणि परवाचं?"

"न्हाय म्हनलं की."

तिने ते टाइप केलं. अंकुशचा चेहरा उतरला. "बस झालं, बाबा. आजपासून एकट्याने घराबाहेर पडायचं नाही. हरवलात तर मी काय स्टेशनभर पोस्टर लावत फिरू? कशाला उगाच टेन्शन?"

मी ह्यांना एवढं घाबरलेलं पेट्यांची थप्पी अंगावर पडली तेव्हाही पाहिलं नव्हतं. मजेने नाव दिलं आणि हे काय निघालं?

संघमित्रा रेघेवरून बोट फिरवत होती. "एक कळत नाही. दोन दिवस तापमान उतरलेलंच नाही. आणि दोन्ही रविवार आहेत."

मी पदर खोचला आणि खुर्ची ह्यांच्याकडे वळवली.

"डॉक्टर," मी म्हणाले, "रविवारी बाजार बंद असतो."

हे पंख्याकडे बघू लागले.

"अहो, जोतिबाची शपथ घेतली होती ना?"

"घितली हुती."

"मग?"

"मोडली. शपथ मोडली हे एक पाप झालं. त्यावर आनिक खोटं कसं बोलू? म्हनून आठवत न्हाय म्हनलो. ते खोट्यात धरत न्हाईत."

"कोण धरत नाहीत?"

"बाजारात कुनीच धरत न्हाई."

मग सगळं बाहेर आलं. गंगाराम दार उघडून द्यायचा. सफरचंदांच्या पेट्यांवर गोणपाट टाकून दोघं आतच भाकरी खायचे आणि तिथेच लवंडायचे. "भाईर डांबर वितळतंय," हे संघमित्राला पटवून देऊ लागले, "आन् आत काश्मीर हाय, काश्मीर!"

ती पोरगी टेबलावर डोकं ठेवून हसली. मग लिहिलेलं खोडलं आणि म्हणाली, "आता परीक्षा पुन्हा द्यायची. या वेळी उत्तरं खरीखरी. आणि पट्टा बांधून काश्मीरला जायचं नाही."

दुसऱ्या खेपेला दुपारची बादली गायब झाली. पण संघमित्रा हसली नाही. "तापमानाचं कोडं सुटलं," ती म्हणाली. "परीक्षेतले शब्द मात्र त्यांना सांगता आले नाहीत. या वेळी ते लपवत नव्हते. ही सुरुवात असू शकते. पुढच्या तपासण्या करू या."

"म्हणजे बाहेर जाणं बंदच," अंकुश म्हणाला.

हे मुलाकडे वळले. आवाजात थट्टा नव्हती. "अंकुश, मला घरात बसवू नगंस. बाजारात मला समदी नावानं हाक मारत्यात. घरी मी नुसता बाबा न् आजोबा. सवताला इसरायचं असंल तर घरातच लवकर इसरंन."

अंकुश डॉक्टरकडे बघू लागला, डॉक्टर माझ्याकडे.

"ते जातील," मी म्हणाले. "मी बरोबर जाईन."

"बाजारात? बायकू घिऊन? लोक हसतील की!"

"हसू देत. कोल्ड स्टोरेजच्या आत पाऊल टाकायचं नाही, दारात बसायचं. गंगारामभाऊजींनाही सांगा, मुकादम बदललाय म्हणून."

संघमित्राचा अभ्यास पुढे छापून आला. अजून माणसं हवीत आणि अजून वर्षं हवीत, असं त्यात शेवटी लिहिलंय म्हणे. ती आता पुण्याला असते. दिवाळीला फोन करून आधी ह्यांची चौकशी करते, मग माझी. गंगारामभाऊजी नोकरी सोडून महाडकडे गावी गेले. उन्हाळा आला की फोन करून तिथल्या उकाड्याला शिव्या देतात. अंकुशने ह्यांच्या फोनमध्ये कुठे आहेत ते दाखवणारं काहीतरी बसवलंय आणि तरीही दुपारी मलाच फोन करून विचारतो. शेवटी ह्यांच्या तपासण्यांनीही अल्झायमरच सांगितला. गोळ्या चालू आहेत. उतरायचा स्टॉप हे विसरतात, तो मी सांगते. बाजारात शिरलो की चहूकडून "कृष्णातदादा" सुरू होतं आणि ह्यांची पाठ ताठ होते.

परवा एका नव्या व्यापाऱ्याला ह्यांनी माझी ओळख करून दिली. "ह्या आमच्या मालकीनबाई," म्हणाले.

"नाव काय बाईंचं?" त्याने विचारलं.

हे थोडं थांबले. मग रुबाबात म्हणाले, "आमच्याकडं बायकूचं नाव घेत न्हाईत."

ते खरंच रिवाज पाळत होते की नाव सुचलं नव्हतं, हे मी अजून विचारलेलं नाही. मीच पुढे होऊन सांगितलं, "विजयमाला."